पाण्याची पोच

पूल म्हटलं की लोकांना लोखंड, सिमेंट आणि फीत कापणारे पाहुणे दिसतात. आमचा पूल कपाटात मावतो. बुटांच्या खोक्याएवढं यंत्र, दोन बाजूंना दोन वायरी, आणि आत मी आणि माझ्या नणंदेने भांडत भांडत लिहिलेला प्रोग्राम. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचे हे चारचौघांत "दोघींनी मिळून पूल बांधलाय" एवढंच सांगून गप्प बसतात आणि समोरचा विचारतो, कुठल्या नदीवर?

नदी नाही, भिंत. भिंतीच्या अलीकडे शहराच्या पाणीपुरवठ्याची नियंत्रण खोली. तिथे मी. पलीकडे अग्निशमन दलाची नियंत्रण खोली. तिथे माझी नणंद. इमारत एक, मजला एक, जिन्यापाशी चहाचं यंत्रसुद्धा एकच. पण आमची निरोपांची यंत्रणा वेगळी आणि त्यांची वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या साहेबांनी, एकमेकांना न विचारता घेतलेल्या. या दोन यंत्रणांना एकमेकींचं एक अक्षर कळत नसे. म्हणून कुठे आग लागली आणि तिथल्या नळांना जास्त दाब हवा असला, की पलीकडच्यांनी आम्हाला फोन करायचा, आमच्या माणसाने तो उचलायचा, समजून घ्यायचा आणि मग आमच्या यंत्रणेतून त्या भागातल्या व्हॉल्व्हला हुकूम सोडायचा. भिंतीवर टकटक केली असती तरी लवकर झालं असतं.

हे असं चालून गेलं, तोवर गेलं. मग फर्निचरच्या एका गोदामाला आग लागली. त्या दिवशी आमच्याकडे पाणीगळतीच्या तक्रारींचा पाऊस पडत होता आणि फोन मोकळा होत नव्हता. पलीकडे रेडिओवर माझी नणंद होती. आतून कॅप्टन विचारत होता, "कंट्रोल, पाणी?" तिला वाटलं, कोणीतरी आम्हाला कळवलंय. ती म्हणाली, "येतंय." तो अजून दोन पावलं आत गेला. पाणी आलं नाही. कॅप्टन जिवंत बाहेर आला, पण त्याचा डावा हात भाजला तो कायमचा. ती बोटं आता अर्धीच मिटतात.

कॅप्टन म्हणजे त्यांच्या स्टेशनचा प्रमुख. खरा हुद्दा काहीतरी लांबलचक आहे, पण सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात. त्याने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. चौकशीनेही लावला नाही. तिने स्वतःच स्वतःला लावला. दुसऱ्याच दिवशी ती रेडिओची खुर्ची सोडून मागच्या टेबलावर, प्रोग्रामच्या कामाला जाऊन बसली. तिच्या आवाजावर माणसं धुरात जिने चढायची, हो. आणि ती तिथे कोपऱ्यात बसून स्क्रीनवरची अक्षरं निवडू लागली. कॅप्टन येता-जाता विचारायचा, परत कधी बसतेस? ती एकच उत्तर द्यायची, "मला माहीत नसताना मी बोलणार नाही."

मी तिची वहिनी. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, ती वर. आमचं पटतं असं कोणी म्हणत नाही, कारण माझ्या नाकावर राग असतो आणि तिच्या तोंडाला कुलूप. पण घरात जेवताना हसणारी मुलगी हसायची थांबली, हे काय मला दिसत नव्हतं?

एक दिवस मोठ्या मॅडमनी आम्हा दोघींना वर बोलावलं. दोन्ही विभाग त्यांच्याच हाताखाली येतात. त्यांच्याशेजारी बाहेरच्या कंपनीचा माणूस बसला होता, कडक टाय लावून. मॅडम म्हणाल्या, "एक तर उन्हाळा संपायच्या आत या दोन यंत्रणा एकमेकींशी बोलायला लागल्या पाहिजेत. नाहीतर दोन्ही काढून टाकून यांची एकच नवीन घेऊ."

माझं डोकंच फिरलं. आमची यंत्रणा मी लहान बाळासारखी वाढवलीय. मी तावातावाने काहीतरी बोलणार, तेवढ्यात नणंदेने शांतपणे विचारलं, "मध्ये पूल घातला तर मला पोच मिळेल का? पाणी खरंच आलं की मला कळेल?"

तिने हे मॅडमना नाही, मला विचारलं होतं. मी म्हणाले, "मिळेल." मग बोललेलं निभवावं लागलंच.

आता या दोघींचे स्वभाव सांगते. यंत्रणांचे. त्यांची ओरडणारी. निरोप पाठवला आणि समोरून पोच आली नाही, की ती तोच निरोप पुन्हा पाठवते. पुन्हा, पुन्हा, समोरचा "मिळालं" म्हणेपर्यंत. आगीच्या कामाला हे बरोबरच आहे. आमची मात्र घुमी. तिला एकदाच सांगायचं. कारण आमचे हुकूम असे असतात: अमुक व्हॉल्व्ह चार फेरे उघड. हाच हुकूम दोनदा पोचला तर चाराचे आठ फेरे होतात आणि जुन्या भागातली पाइपलाइन रस्ता फोडून वर येते. म्हणजे ओरडणारी आणि घुमी यांची गाठ घालायची, आणि ओरडणारीने दहादा सांगितलं तरी घुमीने काम एकदाच करायचं.

पहिलं भांडण पोच कधी द्यायची यावरून झालं. मी म्हणत होते, निरोप पुलावर आला की पुलाने लगेच "मिळालं" म्हणावं, म्हणजे पलीकडची आरडाओरड थांबेल. ती म्हणाली, नाही. व्हॉल्व्ह फिरेल, दाब चढेल, मगच. आम्ही घरी आलो तरी वाद संपला नाही, आणि शेवटी बोलणंच बंद झालं. मग आमचे हे जिन्यावरून वर-खाली. मी म्हणायची, तिला सांगा सकाळी लवकर निघायचंय. हे म्हणायचे, "सांगतो," आणि टीव्हीसमोर बसायचे. सकाळी ती झोपलेलीच. असं दोनदा झाल्यावर ती खाली आली आणि दारातूनच म्हणाली, "वहिनी, मला दादासारखा पूल नको."

आमचे हे दुखावले. मी मात्र खो खो हसले आणि वाद हरले. पोच पाणी आल्यावरच, असं ठरलं.

राहिला प्रश्न पुन्हा पुन्हा येणाऱ्या निरोपांचा. तो नियम माझा. प्रत्येक निरोपावर नंबर असतो. एखादा नंबर आधी येऊन गेला असेल, तर नंतर आलेला निरोप फेकून द्यायचा, आणि काम होऊन गेलेलं असेल तर ओरडणारीचं समाधान करायला तिला पोच देऊन टाकायची. सोपं, सुटसुटीत. चाचणीमागून चाचणी घेतली, एकदाही चुकलं नाही. मी आमच्या खोलीत नाक वर करून सांगत फिरत होते, पूल कसा असावा ते येऊन बघा.

मॅडमसमोरच्या परीक्षेचा दिवस ठरला. सरावाच्या मैदानावर कॅप्टन खरी आग पेटवणार, पलीकडून एक निरोप सुटणार, आमचा व्हॉल्व्ह उघडणार, मैदानातल्या हायड्रंटवर, म्हणजे बंबवाल्यांच्या नळावर, दाबाचा काटा चढणार. संपलं. टायवालाही बघायला येणार होता.

आदल्या दिवशी सकाळी नणंद डबा विसरून गेली, म्हणून तो द्यायला मी भिंतीपलीकडे गेले. खोलीत धावपळ होती. कुठल्याशा भंगाराच्या दुकानाला आग लागली होती आणि ती वाढली होती. पूल अजून चालू केलेला नव्हता, सगळं फोनवरच चाललं होतं. रेडिओवरचा माणूस बोलता बोलता टाइप करत होता: दर्जा दोन, म्हणजे आग मोठी, पाणी जास्त हवं. मी सहज त्याच्या स्क्रीनकडे बघितलं आणि थांबले.

"अहो, जुनाच नंबर घातलात तुम्ही," मी म्हणाले. "मघाचा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी विचारलं होतं, आगीत भाजतं का.

"अगं वहिनी, आग तीच आहे ना," नणंद म्हणाली. "मग नंबर कसा बदलेल?"

डबा तसाच हातात राहिला. आमच्याकडे नंबर हुकुमाचा असतो. हुकूम नवा, की नंबर नवा. त्यांच्याकडे नंबर आगीचा. लागल्यापासून विझेपर्यंत एकच, मग तिच्यापायी पन्नास हुकूम सुटोत. मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या खोलीत हे सांगण्यासारखं आहे असं कोणाला वाटतच नाही. आणि मीही कधी विचारलं नव्हतं, कारण माझ्या खोलीत नंबर म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही.

आणि खरा घोटाळा याच्यापुढे होता. आग वाढली, त्यांनी त्याच नंबरावर "दर्जा दोन" पाठवलं, तर माझा पूल काय करेल? म्हणेल, हा नंबर येऊन गेलाय. निरोप फेकून देईल. आणि वर शहाणपणाने पोच देईल. पलीकडच्या स्क्रीनवर येईल "मिळालं". पाणी मात्र थेंबभरही वाढणार नाही.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं.  वाटलं, आता ही मला आयुष्यभर ऐकवेल. तिने काहीच ऐकवलं नाही. ती फक्त रेडिओच्या खुर्चीकडे बघू लागली.

मग मी तो सल्ला दिला, जो कुठल्याही अनुभवी माणसाने दिला असता. "हे बघ, परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रोग्रामला हात लावणं म्हणजे मूर्खपणा. उद्या एकच निरोप आहे, तो नीट जाईल. उद्याचं पार पडू दे, परवा शांतपणे दुरुस्त करू. कोणाला कळणारही नाही."

"कॅप्टनने उद्या मला रेडिओवर बसायला सांगितलंय," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? मी हो म्हटलंय. तुझ्या पुलावर विसंबून हो म्हटलंय, वहिनी."

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या ह्यांनाही नव्हतं, नाहीतर तेवढा निरोप तरी त्यांनी पोचवला असता. मी तिथेच तिच्या टेबलावर डबा ठेवला आणि म्हणाले, "खुर्ची घे आणि माझ्या खोलीत चल."

दुपारभर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी म्हणाले, आग तीच पण दर्जा वेगळा असेल, तर तो नवा हुकूम समजू. तिने मान हलवली. "आग कमी झाली, दोनचा एक केला, आणि परत भडकून दोन केला तर? तुझा पूल म्हणेल, दोन तर येऊन गेला." बरोबर होतं. मग ठरलं, की तिच्या बाजूने प्रत्येक निरोपावर दोन आकडे जातील, आगीचा नंबर आणि त्या आगीतला हा कितवा हुकूम. दोन्ही आकडे तेच असले तरच माझ्या बाजूने तो जुना समजायचा. तिने तिचं बदललं, मी माझं. मग आम्ही त्या पुलाचा अगदी छळ मांडला. निरोप उलटसुलट पाठवले, मध्येच वायर काढली, परत लावली, तेच तेच त्याच्या माथी मारलं. ती सुचवायची, मी करायची. एकदा ती म्हणाली, "आता यंत्रच बंद कर," आणि मी केलं, आणि यंत्र परत चालू झाल्यावर राहिलेला निरोप बरोबर एकदाच आमच्या यंत्रणेकडे गेला. तेव्हा तिने माझ्या हातावर टाळी दिली. किती दिवसांनी!

सकाळी मी सरळ मोठ्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. काय चुकलं होतं, कोणाचा नियम होता, काल काय बदललं, सगळं सांगितलं. नियम माझा होता हे सांगताना मान खाली घातली नाही. चूक सापडली होती ती आमच्याच डोळ्यांना, दुसऱ्या कोणाच्या नव्हे. आणि म्हणाले, "ठरलेला कार्यक्रम नको. कॅप्टनना जे हुकूम द्यायचे ते देऊ देत, जसे सुचतील तसे."

"आणि नाही चाललं तर?" मॅडमनी विचारलं.

"तर ते आज मैदानावर कळेल, मॅडम. कोणाच्या घराला आग लागल्यावर कळायला नको."

टायवाला मिशीत हसला. मॅडम हसल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या.

आम्ही सगळे पलीकडच्या खोलीत उभे. समोर मोठ्या स्क्रीनवर मैदान. सिमेंटचा तीन मजली मनोरा, वरच्या खिडकीतून धूर, खाली कॅप्टन आणि त्याची माणसं. माझी नणंद रेडिओच्या खुर्चीवर बसली. खुर्ची तिने आधी थोडी वर केली. दुसऱ्या कोणाच्या मापाची झाली होती ना.

पहिला हुकूम सुटला. काटा चढला. पोच आली. ती म्हणाली, "पाणी आलं." टायवाल्याने मान डोलावली, एवढं तर त्यांच्याकडेही होतं.

मग कॅप्टनचा आवाज आला. "कंट्रोल, दर्जा दोन."

तिने पाठवलं. स्क्रीनवर निरोप गेल्याची खूण आली, पोच मात्र नाही. ओरडणारीने पुन्हा पाठवला. पोच नाही. मला माहीत होतं, तो व्हॉल्व्ह म्हातारा आहे, त्याला हळूहळूच फिरवावं लागतं. माहीत असूनही मी मनात फेरे मोजू लागले. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

"आमच्या यंत्रणेत एव्हाना हिरवा दिवा लागला असता," टायवाला हळूच म्हणाला.

"लागला असता हो," मी म्हणाले. "पाणी आलं असतं का?"

"कंट्रोल, पाणी?" कॅप्टनने विचारलं. "माणसं दारात उभी आहेत."

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. मीसुद्धा. ती स्क्रीनकडे बघत होती. तिने बटण दाबलं आणि म्हणाली,

"अजून नाही. थांबा."

इतक्या शांतपणे म्हणाली की विचारू नका. मी कितीतरी वर्षं भिंतीआडून या खोलीतले आवाज ऐकलेत. ओरडणं ऐकलंय, धीर देणं ऐकलंय, देवाचं नाव घेणं ऐकलंय. पण आगीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला एवढ्या ठामपणे "अजून नाही" म्हणणारं कोणी ऐकलं नव्हतं. ती हे म्हणू शकली, कारण तिला माहीत होतं. आणि तिला माहीत होतं, कारण आमचा पूल खोटं बोलत नव्हता.

"थांबलो," कॅप्टन म्हणाला. त्याने का, कशाला, किती वेळ, काही विचारलं नाही. भाजलेला हात वर करून माणसांना थोपवलं.

मग काटा हलला. सावकाश, म्हाताऱ्यासारखा, पण चढला आणि चढलेलाच राहिला. स्क्रीनवर पोच आली.

"आलं," ती म्हणाली. "चढा."

माणसं चढली. वरच्या खिडकीतून पाण्याची धार बाहेर पडली तेव्हा माझे डोळे भरले होते, आणि मी ते पुसलेही नाहीत. कशाला पुसायचे? मग मला चेव चढला. कॅप्टनने दर्जा तीन मागितला तेव्हा मी स्वतः भिंतीतल्या कपाटापाशी जाऊन, मॅडमच्या देखत, पुलाची वायर उपटली. ओरडणारी ओरड ओरड ओरडली. मी वायर परत लावली. व्हॉल्व्ह जेवढा फिरायला हवा तेवढाच फिरला, एक फेरा जास्त नाही. आमच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना गप्प केलं नाही.

मॅडम टायवाल्याकडे वळल्या. "तुमचे आभार. आम्हाला सध्या गरज नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत.

तेवढ्यात रेडिओ पुन्हा वाजला. आग विझली होती, कॅप्टनला धाप लागली होती.

"कंट्रोल, उद्या सकाळच्या पाळीला रेडिओवर कोण आहे?"

नणंदेने मागे वळून पाहिलं. मॅडमकडे नाही, माझ्याकडे. मी नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तिने बटण दाबलं.

"मी आहे," ती म्हणाली.

 मग मैदानावरच्या सगळ्या माणसांचा गलका एकदम रेडिओतून खोलीत आला, आणि ती हसली. घरी जेवताना हसायची तशीच.

टायवाला बॅग उचलत होता. त्याने मला विचारलं, "या बाई कोण आहेत हो?"

"माझी नणंद आहे," मी म्हणाले. सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.